तिसऱ्या मजल्यावरच्या ताईस जाहीर आभार

नौपाडा, ठाणे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव लिहायचं नाही, ही तुझी अट. पैसे घ्यायचे नाहीत, हीसुद्धा तुझीच. मामलेदारची मिसळ तेवढी चालली, आणि तिथेही जादा पावाचे पैसे मी खिशात हात घालायच्या आत तू देऊन मोकळी झालीस. तेव्हा माझ्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवून दिल्याबद्दल आभार मानायला माझ्या हातात आता हे पत्रच उरलं आहे. घरी येऊन तोंडावर आभार मानले असते तर 'काय काका, एवढं काय त्यात' म्हणून तू मला दारातूनच परत पाठवलं असतंस. इथे लिहिलं की तुला मध्ये बोलता येत नाही.

मी कोण हे तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी मूळचा जुळारी. उमेदीची वर्षं शिशाचे खिळे जुळवण्यात गेली, मग फोटोटाइपसेटिंग आलं, मग कॉम्प्युटरवर पानं लावायचा पेजमेकर प्रोग्रॅम. आता म्हणायला निवृत्त आहे, पण ठाण्यातल्या सोसायट्या मला निवृत्त होऊ देत नाहीत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्ट लागला की अहवालांची रांग लागते. ताळेबंद, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे फोटो, थकबाकीदारांची यादी आणि अध्यक्षांचं मनोगत, जे नेहमी सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात लांब असतं.

हे सगळं ज्याच्यावर चालतं तो डेस्कटॉप असेंबल केलेला. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय३-३२२० प्रोसेसर, म्हणजे २०१२ सालचा माल. रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, ४ जीबी, एकच स्टिक, म्हणजे पट्टी. फोटोशॉपमध्ये गच्चीचे फोटो, कोरलमध्ये मुखपृष्ठ, मागे पेजमेकर आणि ब्राउझरमध्ये खजिनदारांची मेल, एवढं एकदम उघडलं की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा एकदा लागला की विझायचं नाव घेत नसे.

सल्ले भरपूर मिळाले. एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, 'काका, डबा भंगारात द्या, नवीन सेट बांधून देतो.' दुसरा म्हणाला, 'डीडीआर३ ना? कुठलीही घाला, चालते.' डीडीआर३ ही माझ्या मशीनच्या रॅमची जात. दोघांनीही मशीन पाहिलं नव्हतं. बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) कुठला, हा प्रश्नसुद्धा दोघांपैकी कुणी विचारला नाही.

तू ऑफिसातून आलीस, हातात स्क्रूड्रायव्हर होता, आणि तो टेबलावर ठेवून म्हणालीस, 'आधी रोजचं काम उघडा.' मी सगळं उघडलं. तू टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीचा आलेख दाखवलास. आलेख वर टेकलेला. मग समजावलंस की रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागेल तसं परत आणतं. डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ, म्हणून तो दिवा जळत राहतो. तुझं पुढचं वाक्य मला आवडलं. 'हा आलेख अर्धाच भरलेला असता, तर मी तुम्हाला रॅम घेऊच दिली नसती.'

त्यानंतर विंडोज ३२ बिटांची की ६४ बिटांची ते पाहिलंस. माझी ६४ बिटांची निघाली. माझ्या धंद्यातल्या कित्येकांनी जुन्या फॉन्टांपायी आणि जुन्या प्रिंटरपायी ३२ बिटांची विंडोज अजून जपून ठेवली आहे. त्यांच्या मशीनमध्ये ८ जीबी घातली तरी घरगुती विंडोजच्या त्या आवृत्तीला ४ जीबीच्या पुढचं वापरता येत नाही, आणि त्यातलाही काही भाग बाकीच्या हार्डवेअरसाठी राखीव जातो. पैसे भरायचे आणि आकडा जिथल्या तिथे. हे मला इतकी वर्षं एकाही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं.

पेजमेकरबद्दलही तू गुळमुळीत बोलली नाहीस. तो प्रोग्रॅमच ३२ बिटांचा, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. रॅम कितीही घातली तरी तो स्वतः वेगाने पळणार नाही. सुटका होईल ती एवढीच की फोटोशॉप आणि ब्राउझर त्याच्या वाट्याची जागा खाणार नाहीत. तो सोडून द्या, हे तू म्हणालीस, मी ऐकून घेतलं, आणि त्या विषयावर आपण इथेच थांबू.

मग कुठे स्क्रूड्रायव्हर उचललास. बोर्डाचं नाव डब्यावर शोधायचं नाही, बिलावरही नाही, ते बोर्डावरच छापलेलं असतं, बहुतेक वेळा रॅमची पट्टी बसते त्या स्लॉटच्या आसपास ठळक अक्षरांत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजनचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, आकडा. तो मला चष्मा लावूनही दिसेना, तू मोबाईलच्या टॉर्चवर वाचलास. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये फरक असू शकतो, म्हणून तोही लिहून घ्यायचा. ज्यांना कॅबिनेट उघडायची भीती वाटते त्यांच्यासाठी सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात मेनबोर्डच्या पानावर नाव आणि एसपीडीच्या पानावर कुठल्या स्लॉटमध्ये कुठली स्टिक आहे ते दिसतं.

माझा बोर्ड एच६१ चिपसेटचा (बोर्डावरचा कारभार पाहणारी चिप) निघाला. कंपनीच्या पानावर लिहिलं होतं: स्लॉट दोन, डीडीआर३, जास्तीत जास्त १६ जीबी. म्हणजे एका स्लॉटला ८. मला वाटलं झालं काम. तू म्हणालीस, 'आता प्रोसेसर काय म्हणतो ते बघू.' मला हे नवीन होतं. पूर्वी मेमरीचा कारभार बोर्डावरच्या चिपसेटकडे असायचा. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. त्यामुळे वेग किती झेपेल हे प्रोसेसरवरही ठरतं. त्याच बोर्डावर दुसऱ्या पिढीचा आय३ असता तर १३३३ वर थांबलो असतो. माझा तिसऱ्या पिढीचा, तो १६०० घेतो. जास्त वेगाची स्टिक लावली तरी बिघडत नाही, ती खालच्या वेगाने चालते, आणि दोन वेगांच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोघी संथ असलेलीच्या चालीने जातात. मात्र न मिळणाऱ्या वेगाचे पैसे कशाला मोजायचे?

लेबलवरचा आकडा वाचायलाही तूच शिकवलंस. पीसी३-१२८०० असं लिहिलेलं असलं की आठाने भागायचं, १६०० आलं. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ची, तिथे भागाकार तंतोतंत येत नाही, पण कळतं. आकड्यानंतरचं अक्षर मात्र सोडायचं नाही. 'यू' असेल तर साधी डेस्कटॉपची. 'आर' असेल तर सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड, ती आपल्या बोर्डावर चालू होत नाही, कितीही स्वस्त मिळो. 'एस' म्हणजे लॅपटॉपची.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. तू माझ्या वहीत लिहून दिलंस: '२आर×८ च हवी.' मी म्हटलं हे काय आता? तू कागदावर हिशेब मांडलास. माझ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिपपर्यंतच ओळखतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, तेव्हा ८ जीबीची स्टिक म्हणजे ६४ गिगाबिट. ४-४ गिगाबिटच्या चिपा लावायच्या तर सोळा हव्यात, म्हणजे पुढे आठ आणि मागे आठ. बाजारात ८ जीबीची एका बाजूला आठच चिपा असलेली डीडीआर३ स्टिकही मिळते. तिची प्रत्येक चिप ८ गिगाबिटची. लेबल तेच, जीबी तेवढेच, खाचही जुळते, स्लॉटमध्ये बसतेही, आणि माझ्या मशीनमध्ये बसून नुसती बसूनच राहते.

आणि नुसत्या सोळा चिपा मोजूनही भागत नाही, हे तू बजावलंस. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या स्टिकलाही सोळा चिपा असू शकतात, पण त्या चिपा चार-चार बिट रुंदीच्या असतात, आणि माझ्या इंटेल बोर्डाला आठ बिट रुंदीच्याच लागतात. म्हणून '२आर×८': दोन रँक, म्हणजे चिपांचे दोन गट, आणि आठ बिटांच्या चिपा. हे मला चटकन पटलं, कारण खिळ्यांचं असंच असायचं. वेगवेगळ्या फाउंड्रीचे खिळे एका पेटीत मिसळले, तर अक्षर तेच, पॉइंट तोच, पण उंचीत केसाएवढा फरक असला की एक शब्द ठळक उठतो आणि शेजारचा पुसट. 'कुठलीही घाला, चालते' म्हणणाऱ्या माणसाने खिळे जुळवले असते तर एक पान धड छापलं गेलं नसतं.

व्होल्टेजचं थोडक्यात सांगितलंस, मीही थोडक्यात लिहितो. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ची, एल असलेली स्टिक दीडवरही चालते, त्यामुळे माझ्या बोर्डाला दोन्ही चालतील. उलटीकडून मात्र सांभाळायचं, फक्त १.३५ मागणाऱ्या नव्या बोर्डांवर दीडवाली लावायची नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोडच गाठायचं ठरलं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरचं सामान घ्यायला निघालेला एकही माणूस ते नाव घेत नाही. तू येऊ शकत नव्हतीस, ऑफिस होतं. म्हणालीस, 'पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.' मी दुकानात उभा राहून फोटो काढतोय आणि पोरगा काउंटरवर बोटं वाजवतोय. पहिला फोटो गेला, तुझं उत्तर आलं, 'मागची बाजू.' मागची बाजू कोरी. तू लिहिलंस, 'नको.' पोरगा म्हणाला, 'अंकल, सेम है, नया चिप है.' मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दुकानात 'टू आर बाय एट दिखाओ' असं म्हटलं, आणि त्याचा चेहरा बदललेला पाहण्यात जी मजा होती ती वेगळीच. आतून दुसरा डबा आला. जुन्या मशीनमधून काढलेला माल होता, तसं त्याने कबूलही केलं. डीडीआर३ आता बहुतेक अशीच मिळते. तू सांगितलेले बाकीचे प्रश्नही विचारले: इंटेलवर चालते ना, आणि नाही चालली तर बदलून मिळेल, हे बिलावर लिहून देणार का? त्याने लिहून दिलं.

तू मला एकच स्टिक घ्यायला लावलीस, यासाठी वेगळे आभार. मी दोन ८च्या घेऊन १६ करायला निघालो होतो, हौस म्हणून. तुझं म्हणणं, जुनी ४ काढायची गरज नाही, ४ आणि ८ मिळून १२ होतात. दोन सारख्या स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे रॅमकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांवर, लावल्या की प्रोसेसरला दोन्हीकडून एकदम माल मिळतो हे खरं, पण इंटेलच्या या बोर्डांवर असमान जोडीतही दोन्हीकडचे ४-४ मिळून ८ जीबी दोन चॅनेलनी चालतं आणि वरचं ४ एका चॅनेलने. माझ्या कामाला तेवढं पुष्कळ. विकणाऱ्याच्या तोंडून हे कधी निघालं नसतं, हे त्याच्याविरुद्ध नाही म्हणत. त्याचं पोट त्यावर आहे. तू माझ्या टेबलाशी बसून, आलेख बघून, माझे पैसे स्वतःचे असल्यासारखे मोजलेस.

बसवायचं काम तू माझ्याकडून करून घेतलंस. प्लग काढला, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. जुनी स्टिक काढली तर तिचे सोनेरी दात काळपट पडलेले. आपल्याकडे खाडीवरून येणारी दमट हवा, पावसाळ्याचे चार महिने, दुसरं काय होणार? खोडरबराने हलक्या हाताने पुसले, भुगा ब्रशने झटकला, पण स्लॉटमध्ये पडू न देता. नवी स्टिक खाच बघून सरळ धरायची आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, क्लिप आपोआप मिटून टक्क आवाज येईपर्यंत. मी घाबरत दाबत होतो, तू म्हणालीस, 'काका, पापड नाहीये तो.' मग दाबली.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, १२२८८ एमबी दिसलं. मी लगेच अहवाल उघडायला निघालो, तर तू पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवलास आणि सकाळपर्यंत मशीनला हात लावायचा नाही म्हणालीस. वापरलेली स्टिक वरवर नीट चालते, एखादा कोपरा सडका असला तर चूक भलत्याच वेळी, भलत्याच फाइलमध्ये उगवते. ताळेबंदाचा एक आकडा बदललेला सापडला असता, तर आमच्या सभेत काय झालं असतं याची तुला कल्पना आहे. सकाळी पडद्यावर चुका शून्य. त्या दिवसापासून दिवा लागतो तसा विझतोही.

पुढची गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. खारघरचा माझा नातू नवीन मशीन बांधतोय. त्याने मला फोन केला, रॅम कुठली घेऊ म्हणून. बहुधा गंमत म्हणून केला असेल. मी विचारलं, 'बोर्डाचं पूर्ण नाव सांग.' तो जरा गप्प झाला. त्याचा प्रोसेसर बाराव्या पिढीचा, आणि तिथेच मेख आहे: २०२१च्या त्या पिढीचा इंटेलचा तोच प्रोसेसर डीडीआर४च्या बोर्डावरही बसतो आणि डीडीआर५च्याही, पण एका बोर्डावर दोन्ही जाती एकत्र चालत नाहीत. दोघींना दात २८८च, खाच मात्र वेगळ्या जागी. काही कंपन्या बोर्डाच्या नावाच्या शेवटी 'डी४' लावतात, त्याच्या बोर्डाला ते शेपूट होतं, आणि त्याने डीडीआर५ कार्टमध्ये टाकून ठेवली होती. मी त्याला कंपनीच्या पानावरची तपासलेल्या स्टिकची यादी बघायला लावली. यादीत नसलेली चालत नाही असं नाही, पण असलेली घेतली की वाद नको.

एवढ्यावर थांबलो असतो तर आजोबा कसले? चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी शेजारी लावू नकोस, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, तरी मॅन्युअल बघ, असंही सांगितलं. ३६०० लिहिलेली स्टिक एक्सएमपी ही वेगाची सेटिंग चालू केल्याशिवाय ३६००ने धावणार नाही, बायोसमध्ये जाऊन बघ, हेही. तो म्हणाला, 'आजोबा, तुम्ही कधीपासून?' मी तुझं नाव सांगितलं नाही. अट पाळली.

तू ज्या ऑफिसात हे काम करतेस तिथे अशी कित्येक मशीन्स दिवसाला तुझ्या हाताखालून जात असतील, आणि संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर पुन्हा तोच डबा उघडायचा, हे सोपं नाही. मी तरुणपणी प्रेसमधून सुटल्यावर शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका तपासून द्यायला कुरकुर करायचो, हे तुझ्या काकूला अजून आठवतं. तिचेही आशीर्वाद आहेत. ती म्हणते, मिसळ म्हणजे काही जेवण नव्हे, रविवारी खाली ये.

तुझा,
पहिल्या मजल्यावरचा काका

ता. क. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून सेक्रेटरी तुला गाठणार आहेत. मी त्यांना सांगितलं, आधी टास्क मॅनेजरचा फोटो आणि बोर्डाचं नाव पाठवा, त्याशिवाय ती जिना उतरणार नाही. त्यांनी काल माझ्याच स्टिकसारखी एक डेस्कटॉपची डीडीआर३ आणून दाखवली, स्वस्तात मिळाली म्हणून. ऑफिसात लॅपटॉप आहे. त्याला २०४ दातांची आखूड स्टिक लागते आणि ही २४० दातांची. बिल आहे का म्हणून विचारलं, तर ते शोधतायत.